पेटीवरचा आकडा

"खाली," दुर्बिणीवरचा डोळा न काढता अभयसिंह म्हणाला.

उत्कर्षा मॅटवर पालथी पडली होती. तिनं बोल्ट मागे ओढला, रिकामी पुंगळी टणकन बाहेर उडाली. "किती खाली?"

"वीतभर. आणि थोडी उजवीकडे."

ढालगावच्या माळावर दुपारचा वारा सुटला होता. समोर टेकडीच्या कण्यावर पवनचक्क्यांची रांग संथ फिरत होती आणि तिच्या पायथ्याशी, मातीच्या उंच बांधापुढे, जेवणाच्या ताटाएवढी एक पोलादी चकती टांगली होती. अंतर अकराशे मीटर. चकतीच्या खाली धुळीचा एक ठिपका उठला होता, तो आता वाऱ्यावर विरत होता.

"तुझा खांदा सैल पडतो," अभयसिंह म्हणाला. "गोळी सुटायच्या क्षणी तू मनानं निशाण सोडून देतेस. आठशे मीटरला लागते, मग अकराशेला का लागू नये? अंतर बघून तू बिचकतेस."

हे ती दोन वर्षं ऐकत होती. नवऱ्याच्या आवाजात राग नसायचा, हेच तिला जास्त लागायचं. तो खरोखरच तिच्या खांद्यावर उपाय शोधत असायचा. त्यानं तिच्यासाठी रायफलचा दस्ता तीनदा बदलून आणला होता, व्यायाम ठरवून दिले होते, एका फिजिओकडे नेलं होतं. आणि तरीही लांबच्या चकतीखाली तोच धुळीचा ठिपका.

"अहो," ती उठून बसत म्हणाली, "हा मोसम झाला की मी थांबते."

अभयसिंहनं आता डोळा काढला. "थांबते म्हणजे?"

"शाळेत पोरींना शिकवेन. ते मला जमतं."

उत्कर्षा इंगवले कोल्हापूरच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका होती. पन्नास मीटरच्या नेमबाजीत तिनं राष्ट्रीय पदकं मिळवली होती. मग आशियाई नेमबाजीत 'दूरवेध' हा नवा प्रकार आला आणि ती त्याच्या प्रेमात पडली. दूरवेधात चारशे ते बाराशे मीटरच्या दरम्यान कुठेही चकत्या टांगलेल्या असतात. प्रत्येक चकतीला एकच गोळी. चाचणीची गोळी मिळत नाही. नेमबाजानं अंतर मोजायचं, हवेचा दाब आणि तापमान बघायचं, वारा ओळखायचा, मनगटावरच्या गणकयंत्राला विचारायचं की नळी किती उचलू, आणि गोळी सोडायची. चुकली तर चुकली.

त्या गणकयंत्रात एक आकडा भरावा लागतो. गोळीच्या पेटीवर तो मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. त्याला प्राक्षेपिक गुणांक म्हणतात.

हवा आपल्याला पोकळ वाटते, पण ध्वनीच्या अडीचपट वेगानं जाणाऱ्या गोळीला ती काकवीसारखी लागते. प्रत्येक मीटरला गोळी थोडा वेग गमावते, आणि जितकी मंदावते तितका जमिनीला तिला ओढायला वेळ मिळतो. गुणांक एवढंच सांगतो, की एका ठरावीक नमुन्याच्या गोळीशी तुलना केली तर ही गोळी आपला वेग किती चांगला टिकवते. आकडा जितका मोठा, तितकी गोळी कमी पडणार आणि वाऱ्यानं कमी सरकणार. साहजिकच विकत घेणारा मोठा आकडा शोधतो आणि विकणारा मोठा आकडा छापतो.

खासगी कारखान्यांना परवाने मिळाल्यावर अभयसिंहनं कोल्हापुरात स्पर्धेच्या गोळ्या बनवायला सुरुवात केली होती. त्याच्या गोळीचं नाव 'वेधक'. पेटीवर ०.३४५ असा गुणांक होता आणि त्या वजनाच्या गोळ्यांत तो आशियात सर्वांत मोठा होता. भारतीय संघानं वेधकच वापरायची असं ठरत आलं होतं. अभयसिंहला त्या आकड्याचा अभिमान होता. गोळीचा आराखडा त्यानं स्वतः, कागदावर पेन्सिलीनं, पहिल्यापासून शेवटपर्यंत काढला होता.

त्या आठवड्यात त्याची धाकटी बहीण केतकी बंगळूरहून आली. ती ध्वनीवर संशोधन करायची. काड्यापेटीएवढे 'कान' तिनं बनवले होते. सिलिकॉनचा पातळ पडदा, आत उपग्रहाच्या वेळेशी जुळलेलं घड्याळ, आणि एक छोटा सौरपत्रा. जंगलात चोरटी शिकार झाली तर बार कुठून निघाला हे त्या कानांनी सांगायचं, असा तिचा मूळ उद्देश. ध्वनीहून वेगानं जाणारी गोळी पाण्यातल्या होडीसारखी आपल्या मागे एक लाट ओढत नेते. ती लाट कानावरून गेली की कडकन आवाज होतो. कोणत्या कानावरून ती नेमकी केव्हा गेली हे कळलं, की गोळीचा सगळा प्रवास मांडता येतो.

"मला तुझा माळ हवाय वहिनी, दोन-तीन दिवस," केतकी म्हणाली. "माझं यंत्र बरोबर मोजतंय का हे बघायचंय. दादाच्या गोळीचं उत्तर पेटीवरच छापलंय, म्हणजे ताडून बघायला बरं."

दोघींनी मिळून अकराशे मीटरभर खुंट्या ठोकल्या आणि त्यांवर कान बसवले. अभयसिंह कारखान्यात होता. उत्कर्षानं एकेक गोळी सोडायची आणि केतकीनं बाभळीच्या सावलीत संगणकाच्या पडद्यावर वक्ररेषा बघायची, असं सकाळभर चाललं. जेवायची वेळ झाली तेव्हा केतकीचं तोंड उतरलं होतं.

"काय झालं गं?" डबा उघडत उत्कर्षानं विचारलं.

"यंत्र चुकतंय. दहा टक्क्यांच्या आसपास कमी दाखवतंय. ०.३१२, ०.३०९, ०.३१४. एवढी चूक असेल तर हे जंगलात टांगून उपयोग नाही. कुठंतरी घड्याळं सरकतायत."

दुसऱ्या दिवशी तिनं घड्याळं तपासली, कान उलटसुलट बदलले, खुंट्यांची अंतरं पुन्हा मोजली. आकडे तेच. संध्याकाळी ती खुंटीला टेकून बसली आणि म्हणाली, "तीन वर्षं घालवली मी यात. कुठं चुकलं तेच कळत नाही."

उत्कर्षा तिच्याकडे बघत राहिली. हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं. ते ती स्वतःशीच रोज म्हणत होती.

"केतकी," ती हळूच म्हणाली, "तू तुझ्या यंत्राला दोष देतेस, मी माझ्या खांद्याला. तिसरं कुणी राहिलंय का?"

केतकीनं मान वर केली. मग तिनं पडदा पुन्हा पुढ्यात ओढला.

"दादानं तो आकडा काढला कसा?" तिनं विचारलं.

"आराखड्यावरून संगणकानं. मग शंभर मीटरवर दोन वेगमापक लावून ताडून बघितला होता. मी होते तिथं."

"शंभर मीटरवर गोळी आपल्या पूर्ण वेगात असते. तिथं कितीशी मंदावणार? फरक इतका बारीक असतो, की मोजताना थोडं इकडचं तिकडं झालं तरी हवा तो आकडा निघतो. आणि आराखड्यातलं टोक सुईसारखं असतं. प्रेसमधून निघालेल्या गोळीचं टोक कधी सुईसारखं असतं का?" केतकी बोलता बोलता उठून उभी राहिली होती. "पण आधी माझं यंत्र खरं बोलतंय हे दाखवायला लागेल. त्याला अशी गोळी हवी, जिचं उत्तर कुणाच्याच पेटीवर छापलेलं नाही."

तशी गोळी केतकीनंच सुचवली. गुळगुळीत गोल गोळा. गोल गोळ्याला हवा किती अडवते हे भौतिकशास्त्राला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्यात कुणाची जाहिरात नाही. शेजारच्या मळ्यातल्या यादवकाकांकडे परवान्याची बारा बोअरची बंदूक होती. ते कौतुकानं स्वतःच घेऊन आले. तिच्यातून गोल गोळ्या सोडल्या, जवळच्या कानांनी त्या ऐकल्या, आणि पडद्यावर पुस्तकातली रेषा जशीच्या तशी उमटली.

"यंत्र बरोबर आहे," केतकी म्हणाली. मग वहिनीकडे वळून तिनं दुसरं वाक्य उच्चारलं, "आणि तुझा खांदाही."

उत्कर्षा मॅटवर बसली. तिला आनंद व्हायला हवा होता. पण आधी आठवलं ते वेगळंच. दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा सगळ्या गोळ्या खाली पडल्या होत्या, तेव्हा अभयसिंह म्हणाला होता, "थांब, थोडं जुळवून घेऊ." गणकयंत्रात त्यानं गोळीचा सुरुवातीचा वेग खऱ्यापेक्षा कमी भरला होता. त्यानं आठशे मीटरचं गणित जमलं. त्याहून लांबची गोळी खालीच राहिली आणि जवळची जरा वर चढायला लागली. आकडा मात्र जागचा हलला नव्हता. उरलेली चूक मग तिच्या खांद्यावर आली होती.

"यांना मी सांगते," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी कोल्हापुरातल्या घरी तिघं जेवायला बसली. तांबडा रस्सा वाढता वाढता उत्कर्षानं सांगितलं. काही आडपडदा ठेवला नाही. केतकीनं आपला पडदा ताटाशेजारी ठेवला.

अभयसिंहनं रेषा बघितली, पडदा बाजूला सारला. "शंभरातल्या एका कानानं चुकीचं ऐकलं की सगळं गणित बिघडतं."

"गोल गोळा बरोबर निघालाय दादा."

"गोल गोळा वेगळा, माझी गोळी वेगळी." तो बहिणीकडे न बघता बोलत होता. "आणि समज, दोन-चार टक्के इकडं तिकडं असेल. सगळे जगात थोडा वरचाच आकडा छापतात. मी खरा छापला तर माझी गोळी त्यांच्या खोट्यापुढं लंगडी दिसणार. हे तुला कळतं का?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," उत्कर्षा म्हणाली.

"नव्हतं." तो पहिल्यांदाच तिच्याकडे वळला. "दोनशे गोळ्या मोजल्या होत्या, त्यातल्या चांगल्या निघाल्या त्यांचा आकडा घेतला. वाईट निघाल्या त्या मोजण्यातल्या चुका असं धरलं. सगळे तसंच धरतात. मला खरंच वाटत होतं की गोळी तशी आहे."

"आणि मी तशी नाही, असं वाटत होतं."

तो हात धुवायला उठला. नळाशी बराच वेळ उभा राहिला. परत आला तेव्हा चेहरा कठीण झाला होता.

"कारखान्यात शिकंजा आहे," तो म्हणाला. "रायफल त्यात बांधू. काँक्रीटवर बसवू. गोळीचा खरा वेग मोजू आणि पेटीवरचा आकडा जसाच्या तसा घालून अकराशेला सोडू. शिकंज्याला खांदा नसतो. चकतीवर लागली तर हा विषय पुन्हा या घरात निघायचा नाही."

"आणि नाही लागली तर?" केतकीनं विचारलं.

"सोडून तर बघू."

सकाळी माळावरच्या निवांत हवेत त्यानं स्वतःच्या हातानं शिकंजा आवळला. दुर्बिणीशी उत्कर्षाला बसवलं. गणित स्वतः केलं, दोनदा तपासलं, आणि लांब दोरीनं ट्रिगर ओढला.

धुळीचा ठिपका चकतीच्या पुष्कळ खाली उठला. हातभर.

त्यानं दुसरी गोळी भरली. मग तिसरी. सगळ्या तिथंच, एकमेकींच्या शेजारी बांधात जाऊन बसल्या. नवव्या-दहाव्या गोळीला त्यानं दोरी सोडून दिली. उत्कर्षानं दुर्बिणीवरून डोळा उचलला नाही. त्या क्षणी नवऱ्याचा चेहरा बघायचं तिला धाडस होत नव्हतं, आणि त्यालाही तो दाखवायचा नसावा.

"आता केतकीचा आकडा घाल," तिच्या मागून त्याचा आवाज आला.

तिनं घातला. शिकंज्याची उंची त्याप्रमाणे वाढवली. दोरी त्यानंच ओढली. पाचएक सेकंद गेले आणि माळ ओलांडून पोलादाचा स्वच्छ ठणका आला.

अभयसिंह तिच्या शेजारी येऊन मातीतच बसला. "दोन वर्षं," तो म्हणाला. उत्कर्षानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मला पुढचा मोसम खेळायचाय," ती म्हणाली. "पण दोन गोष्टी करायच्या. पेटीवर खरा आकडा छापायचा. आणि केतकीचं यंत्र कसं बनवायचं ते सगळ्या जगाला फुकट सांगायचं."

"सगळ्या जगाला? अगं, हे आपल्याकडेच ठेवलं तर बाकीचे सगळे चुकतील आणि तू जिंकशील."

"माझ्यासारख्या किती असतील, आपल्याच खांद्याला बोल लावत बसलेल्या? त्यांच्या चुकण्यावर जिंकायचं नाही मला."

केतकी हसली. तिच्या मनातलंच होतं ते.

त्यानंतरचे महिने सोपे गेले नाहीत. नवा गुणांक ०.३११ पेटीवर छापून आला त्या आठवड्यात दिल्लीहून निवड समितीचे प्रमुख, निवृत्त मेजर शिंत्रे, तातडीनं कोल्हापुरात आले. करड्या मिशीचे, कमी बोलणारे गृहस्थ.

"इंगवले, तुमची गोळी एका रात्रीत बिघडली का?" त्यांनी विचारलं. "परदेशी गोळ्या ०.३४ च्या वर आहेत. मी संघाला ०.३११ ची गोळी कशी देऊ?"

अभयसिंहनं पत्नीकडे बघितलं. उत्कर्षा म्हणाली, "सर, त्या परदेशी गोळ्याही माळावर आणा. एकाच दिवशी, एकाच हवेत, सगळ्या मोजू. मग तुम्ही ठरवा."

मेजर शिंत्र्यांनी पाच देशांच्या गोळ्या मागवल्या आणि दिवसभर बाभळीखाली खुर्ची टाकून बसले. एकेक पेटी फुटत गेली, एकेक आकडा कोसळत गेला. पेटीवर ०.३५ असलेली एक गोळी प्रत्यक्षात वेधकच्या मागे निघाली. फक्त एक वेधकहून थोडी सरस ठरली. पण केतकीनं त्यांना आणखी एक गोष्ट दाखवली. एकाच पेटीतल्या दोन गोळ्याही सारख्या नसतात. स्पर्धेच्या गोळीच्या टोकाला बारीक भोक असतं; त्याची कड वाकडीतिकडी असली की एक गोळी हवा नीट कापते, दुसरी अडखळते. आणि एकच गोळी वेगात असताना वेगळा गुणांक दाखवते, मंदावल्यावर वेगळा. खरं तर आकडा नकोच, रेषा हवी, आणि सोबत किती कमीजास्त होईल तेही सांगायला हवं.

"तुमच्या पेटीवर रेषा का नाही मग?" मेजरांनी अभयसिंहला विचारलं.

"छापतो," अभयसिंह म्हणाला.

तो कामाला लागला तेव्हा उत्कर्षाला लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांतला अभयसिंह पुन्हा दिसला. त्यानं प्रत्येक गोळीच्या टोकाचं प्रकाशानं चित्र घेणारं यंत्र बसवलं. कानांनी ऐकलेल्या हजारो गोळ्यांवरून कोणतं टोक कसं उडतं हे आता कळत होतं, त्यामुळे न उडवताही गोळीची रेषा सांगता यायला लागली. वाकडी टोकं तो कातून एकसारखी करायचा. आकडा फारसा वाढला नाही. पण पेटीतल्या सगळ्या गोळ्या एकमेकींसारख्या झाल्या.

केतकीचा आराखडा तोवर जगभर गेला होता. ब्राझीलमधल्या एका शेतकऱ्यानं कुंपणाच्या खांबांवर कान बसवले. फिनलंडमध्ये एका क्लबनं बर्फावर. सगळ्यांची मोजमापं एका ठिकाणी जमा व्हायला लागली आणि जाहिरातींतले आकडे उघडे पडत गेले. काही कंपन्यांनी ते मान्य केलं, काहींनी हौशी लोकांची खेळणी म्हणून हसून सोडून दिलं. बरेच नेमबाजही हसले. आपल्या मैदानावर आपण वेग थोडा जुळवून घेतलाय, चकत्या लागतायत, मग कशाला ही उठाठेव, असं त्यांचं म्हणणं. अभयसिंहला ते ऐकून शरम वाटायची. हेच तो स्वतः म्हणत होता.

आशियाई दूरवेध स्पर्धा ऑक्टोबरअखेर कझाकस्तानात, कॅस्पियनच्या काठी अक्ताऊजवळ होती. तो किनारा समुद्रसपाटीच्याही खाली आहे. थंडी पडली होती, हवा जड झाली होती. ढालगावच्या उंच, तापलेल्या माळावरच्या हवेपेक्षा ती चांगलीच दाट होती. दाट हवेत गोळीला जास्त अडथळा होतो, म्हणून खऱ्या रेषेशिवाय गणित जमत नाही. घरच्या मैदानावर जुळवून घेतलेला वेग घरच्याच हवेपुरता असतो. उत्कर्षाला हे सगळं माहीत होतं. तरी स्पर्धेच्या सकाळी मॅटवर पडल्यावर तिनं सगळे आकडे पुन्हा एकदा तपासले.

पाचशे वीस मीटरची चकती. ठणका. सातशे चाळीस. ठणका. शेजारच्या रांगेत एका नावाजलेल्या नेमबाजाची गोळी चकतीखाली वाळूत घुसली. त्यानं मान हलवली आणि आपल्या खांद्याकडे बघितलं. उत्कर्षाला ती नजर ओळखता आली. तिला वाटलं, उठून त्याला सांगावं. पण तिची वेळ चालू होती.

दुपारपर्यंत गतविजेते एकामागून एक मागे पडले. कुणी थंडीला दोष दिला, कुणी काडतुसातल्या दारूला. पुढे दोघीच राहिल्या. एक उत्कर्षा, दुसरी कझाकस्तानचीच सौले नावाची उंच, अबोल मुलगी. जेवणाच्या तंबूत ती आपणहून उत्कर्षाजवळ आली आणि फोनवर एक फोटो दाखवला. गवताळ माळरानावर खुंट्यांची लांबच लांब रांग, प्रत्येक खुंटीवर एक कान.

"माझ्या वडिलांनी ठोकल्या," ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली. "तुमचा आराखडा वाचून."

प्रेक्षकांच्या बाकांवर ही गोष्ट ऐकल्यावर अभयसिंह पुटपुटला, "आपण स्वतःच प्रतिस्पर्धी तयार केला."

"मग बघायला मजा येईल," केतकी म्हणाली.

दोघींचे गुण शेवटपर्यंत सारखेच राहिले. पंचांनी एक शेवटची चकती ठरवली. अंतर तेव्हा कळलं जेव्हा उत्कर्षानं ते मोजलं: अकराशे सत्तर मीटर. त्या दिवसातली सर्वांत लांबची. समुद्रावरून डावीकडून वारा येत होता आणि मध्येच थांबत होता.

आधी सौलेची पाळी होती. तिची गोळी उंचीला अगदी बरोबर गेली, पण वारा मध्यावर पडला आणि ती चकतीच्या कडेबाहेर, डावीकडे निसटली. प्रेक्षकांतून एक हळहळ उठली. सौले शांतपणे उठली आणि बाजूला झाली.

उत्कर्षा पालथी झाली. तिनं दाब बघितला, तापमान बघितलं, वेधकची रेषा गणकयंत्रात होतीच. उंची लावली. आता फक्त वाऱ्याचा प्रश्न होता. जवळच्या झेंड्यापेक्षा तिनं दूरच्या गवताकडे बघितलं. सौलेची गोळी पडली ती जागा तिनं पाहिली होती आणि वारा मध्यावर काय करतो ते त्यावरून कळत होतं. वारा पुन्हा उठेल, गवत झुकेल, आणि तो स्थिर होईल तेव्हा एक मिनिटसुद्धा टिकणार नाही. ती थांबली.

खांद्याचा विचार मनात आला नाही. नंतर तिला याचंच सगळ्यात नवल वाटलं. गालाला रायफलचं थंड लाकूड लागत होतं, श्वास अर्धा सोडलेला होता, गवत झुकलं, आणि बोट आपोआप मागे आलं.

गोळी गेली. जड हवेतून, थंडीतून, वाऱ्याच्या सगळ्या लहरींतून, वेग गमावत, खाली येत, उजवीकडे सरकत, नेमकी जेवढं सरकायला हवं तेवढीच. उत्कर्षानं दुर्बिणीतून पाहिलं. चकती मधोमध हेलकावली. आवाज यायला अजून अवकाश होता. मग पोलादाचा ठणका समुद्राच्या वाऱ्यावरून आला आणि त्याच्या मागोमाग बाकांवरून लोकांचा आवाज उसळला.

सौलेनं सर्वांत आधी येऊन तिला उठवलं. दोघींनी एकमेकींच्या पाठीवर थापा मारल्या. केतकी रडत होती आणि रडत असल्याचं कबूल करत नव्हती. मेजर शिंत्रे मिशीवरून हात फिरवत उभे होते, आणि जवळच्या प्रत्येकाला पुनःपुन्हा सांगत होते की ही गोळी त्यांनीच निवडली.

अभयसिंह गर्दीतून पुढे आला. त्याला खूप बोलायचं होतं हे दिसत होतं. "लागली," तो एवढंच म्हणाला.

"लागली," ती म्हणाली, आणि सगळ्यांसमोर त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

संध्याकाळी पत्रकार परिषद झाली. लांबलचक टेबल, रंगीत दिवे, पाच-सहा भाषांतले प्रश्न. एका वार्ताहरानं विचारलं की एवढ्या मोठ्या, जुन्या कंपन्यांच्या गोळ्या फसल्या आणि कोल्हापुरातल्या एका छोट्या कारखान्याची गोळी जिंकली, याचं रहस्य काय.

उत्कर्षानं माइक जवळ घेतला. "माझ्या मिस्टरांनी पेटीवरचा आकडा कमी केला," ती मराठीत म्हणाली.

शेजारी बसलेल्या दुभाषी बाईंनी ते रशियनमध्ये सांगितलं. समोर कुजबुज झाली. वार्ताहरानं पुन्हा काहीतरी विचारलं. दुभाषी बाई उत्कर्षाकडे झुकल्या आणि संकोचून म्हणाल्या, "ते म्हणतायत, माझ्या भाषांतरात चूक झाली असावी. तुम्ही 'आकडा वाढवला' असं म्हणालात ना?"

"नाही," उत्कर्षा म्हणाली. मागच्या रांगेत भिंतीला टेकून उभ्या असलेल्या अभयसिंहकडे तिनं बघितलं आणि मग माइकमध्ये सावकाश, प्रत्येकाला कळेल असं सांगितलं, "कमी केला."